पोलादावरचा ठसा

नागपुरात उन्हाळ्यात दोन बातम्या ठरलेल्या. एक, पारा ४५ च्या वर गेल्याची. दुसरी आतल्या पानावरची, चार ओळींची: बॉयलर ट्यूब लिकेजमुळे कोराडीचा अमुक संच बंद, दुरुस्ती सुरू. पहिली बातमी आपण ग्रुपवर फॉरवर्ड करतो. दुसरी वाचून कूलरकडे एक नजर टाकतो आणि पुढे सरकतो.

मीही कित्येक वर्षं ती अशीच ओलांडली. माझी पदवी मेकॅनिकलची, नोकरी सॉफ्टवेअरची. मटेरियल सायन्सचा पेपर मी पास होण्यापुरता वाचला होता. माझे मामा मात्र आयुष्यभर वीजकेंद्रांच्या बॉयलर मेंटेनन्समध्ये होते. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "ट्यूब लीक झाली म्हणजे नेमकं काय झालं, सांग बरं?" मी म्हटलं, गंज लागला असेल. ते हसले. "गंज असते, राखेनं घासलेलं असते, वेल्डिंग कच्चं असते. पण कधी कधी पाइप बाहेरून चांगला दिसते अन् आतून म्हातारा होऊन बसलेला असते. पाइप बोलत नाही बाप्पा, पण सारं लिहून ठेवते."

पाइप काय लिहून ठेवतो, कुठल्या लिपीत, आणि ती लिपी वाचायला माणूस कधी शिकला, हे शोधायला मी त्या रात्री बसलो. त्या शोधाचा हा लेख.

कोराडीत दाब किती?

कोराडी हे नागपूरच्या उत्तरेला, छिंदवाड्याच्या रस्त्यावर. एका बाजूला जगदंबेचं देऊळ, मधे तलाव, आणि पलीकडे चिमण्या. नवरात्रात देवळाच्या रांगेत उभं राहिलं की चिमण्या दिसतातच. इथला पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. १२० मेगावॉटचे चार संच झाले, १९७८ मध्ये २०० मेगावॉटचा पाचवा आला, आणि १९८२-८३ मध्ये २१० मेगावॉटचे आणखी दोन. पहिले चार संच कधीच निवृत्त झाले. २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॉटचे तीन नवे संच उभे राहिले.

या दोन पिढ्यांमधला फरक फक्त मेगावॉटचा नाही. २१० मेगावॉटच्या संचात वाफेचा दाब साधारण १३० ते १५० वातावरणांइतका असतो. ६६० च्या संचात तो अडीचशेच्या आसपास जातो, आणि तापमान साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या वर. प्रेशर कुकरमध्ये आपण वातावरणाच्या जेमतेम दुप्पट दाबावर वरण शिजवतो, त्यावरून अंदाज यावा.

दाब २२१ च्या पुढे गेला की पाण्याचं एक विचित्र होतं. ते उकळतच नाही. पाणी आणि वाफ यांच्यातली सीमाच पुसली जाते. १८२२ मध्ये फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर याने तोफेच्या बंद नळीत द्रव आणि एक गारगोटीची गोळी घालून ती तापवली, आणि गोळीचा आतला आवाज कान लावून ऐकला. एका तापमानानंतर आवाज बदलला: आत द्रवाचा पृष्ठभागच उरला नव्हता. १८६९ मध्ये थॉमस अँड्र्यूजने या टप्प्याला 'क्रिटिकल पॉइंट' म्हटलं. कोराडीच्या नव्या संचांना 'सुपरक्रिटिकल' म्हणतात ते त्यावरून.

दाब आणि तापमान वाढवायचं कारण साधं आहे: तेवढ्याच विजेला कोळसा कमी लागतो. पण वाढलेला सगळा भार शेवटी झेलायचा असतो तो पोलादाच्या नळ्यांनी.

१८६३: दोन शहरं

बॉयलर फुटतो हे माणसाला वाफेच्या यंत्राइतक्याच जुन्या काळापासून ठाऊक होतं. भारतात त्याची कायद्याने दखल घेतली गेली ती १८६३ नंतर. त्या वर्षी कलकत्त्यात एका बॉयलरचा भीषण स्फोट झाला, कित्येक जीव गेले. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये १८६४ चा सहावा कायदा आला: कलकत्ता आणि उपनगरांतल्या बॉयलरची तपासणी सक्तीची झाली. भारतातल्या बॉयलर कायद्यांची सुरुवात तिथून मानतात. मग इतर प्रांतांनी आपापले कायदे केले, त्यांच्यात मेळ नव्हता, म्हणून १९२३ मध्ये सगळ्या देशासाठी एक कायदा झाला. तो शंभर वर्षं चालला. २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा बॉयलर कायदा आला.

तिकडे अमेरिकेत धडा मिळायला १९०५ उजाडलं. ब्रॉक्टन गावातल्या बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटला, इमारत कोसळून पेटली, ५८ माणसं मेली. त्यानंतर मॅसॅच्युसेट्सने नियम केले आणि अमेरिकेच्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने १९१४ मध्ये बॉयलर कोड तयार केला. आमच्या अभ्यासक्रमात त्या कोडचं नाव यायचं. ५८ माणसांचा उल्लेख कुणी केला नव्हता.

१८६३ हे साल मला आणखी एका ठिकाणी भेटलं. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये हेन्री क्लिफ्टन सॉर्बी नावाचा हौशी संशोधक पोलादाचा तुकडा आरशासारखा घासत होता. सॉर्बी मूळचा दगड बघणारा. खडकाची पातळ चकती करून ती सूक्ष्मदर्शकाखाली बघायची पद्धत त्यानेच रुळवली होती. पोलादातून उजेड आरपार जात नाही, म्हणून त्याने पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला, त्यावर सौम्य आम्ल लावलं आणि वरून प्रकाश टाकून पाहिलं. एकसंध वाटणारं पोलाद प्रत्यक्षात लहान लहान स्फटिककणांची दाटी निघालं. शेतांचे तुकडे विमानातून दिसावेत तसं: प्रत्येक कणाला बांध, आणि काही कणांत नांगरटीसारख्या बारीक रेघा.

म्हणजे एकाच वर्षी एका शहराला बॉयलरची भीती कळली आणि दुसऱ्या शहरात पोलादाचं अंतरंग दिसलं. पण या दोन गोष्टी एकमेकींना भेटायला शंभर वर्षांहून जास्त लागली. बॉयलर इन्स्पेक्टर बॉयलरमध्ये पाणी भरून नेहमीपेक्षा जास्त दाब द्यायचा आणि कुठे गळतं का ते बघायचा. सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेत राहिला. पाण्याच्या चाचणीतून एवढंच कळतं की नळी आज टिकते का. तिने आजवर काय सोसलंय आणि आता किती दिवस उरलेत, हे त्या चाचणीला विचारताच येत नाही.

क्षणाचा दाब, वर्षांचा दाब

इथे एक गैरसमज मला आधी स्वतःचा दूर करावा लागला. मला वाटायचं, बॉयलरमधला दाब इतका प्रचंड की तो पोलादातले अणूच दाबून टाकत असेल. तसं होत नाही.

दाबाने स्फटिकरचना बदलते हे खरं आहे, पण त्याला लागणारा दाब वेगळ्याच जातीचा. साध्या लोखंडात अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि मधोमध एक असे बसलेले असतात. १९५६ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत स्फोटकांच्या धक्क्याने लोखंड दाबून पाहिलं, तेव्हा साधारण १ लाख ३० हजार वातावरणांच्या दाबाला ही मांडणी मोडून नवी मांडणी तयार होते असं कळलं. कोराडीतला दाब याच्या पाचशेव्या हिश्शाएवढा.

असा लाखांचा दाब विदर्भाने एकदा अनुभवलाय. लोणारला उल्का आदळली तेव्हा तिथल्या बेसाल्टमधल्या फेल्डस्पार खनिजाची स्फटिकरचना विस्कटून त्याची काच झाली. तिला मॅस्केलिनाइट म्हणतात. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात हे पुरावे मांडले, आणि लोणार ज्वालामुखीचं विवर नव्हे, आघातानेच झालंय, हे पक्कं व्हायला त्यांची मोठी मदत झाली. विवर घडवणारा क्षण खनिजाच्या सूक्ष्मरचनेत जपून राहिला होता.

हाच दाब माणसाने पुढे टेबलावर आणला. हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमनला उच्च दाबाच्या कामासाठी १९४६ चं नोबेल मिळालं. १९५० च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेतच दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये पदार्थ चिरडून तो हिऱ्यातूनच बघायचं साधन तयार झालं. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही या विषयाची परंपरा आहे. १९८२ मध्ये सिक्का, व्होरा आणि चिदंबरम या तिथल्या शास्त्रज्ञांनी टायटॅनियम, झिर्कोनियम यांसारख्या धातूंमध्ये दाबाखाली तयार होणाऱ्या 'ओमेगा' रचनेवर मोठा आढावा लिहिला. त्यातले राजगोपाल चिदंबरम पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत अणुभट्टीचं इंधन भरतात, त्यामुळे हा धातू आपल्याकडे महत्त्वाचा. त्याची ओमेगा रचना दाब काढून घेतल्यावरही टिकून राहू शकते. म्हणजे तोही दाबाची नोंद ठेवतो.

लोणारला दाब प्रचंड होता आणि वेळ क्षणभराचा. कोराडीत दाब त्यामानाने किरकोळ, पण तो दिवसरात्र, वर्षानुवर्षं, लालसर तापायला आलेल्या पोलादावर असतो. तिथे अणू चिरडले जात नाहीत. ते हळूहळू सरकतात.

सरकणारं पोलाद

पुस्तकांनी भरलेली लाकडी फळी पहिल्या दिवशी सरळ असते. वजन तेवढंच राहतं, तरी पाच वर्षांनी ती मधे वाकते. धातूचंही असंच होतं, फक्त त्याला ऊब लागते. केल्विनमध्ये मोजलेल्या वितळबिंदूच्या साधारण चाळीस टक्क्यांपुढे तापमान गेलं की धातू स्थिर भाराखालीही लांबत राहतो. ५४० अंश सेल्सिअसला लोखंड पंचेचाळीस टक्क्यांवर असतं. इंजिनिअर याला 'क्रीप' म्हणतात. १९१० मध्ये आंद्रादे या इंग्रज शास्त्रज्ञाने तो नीट मोजून त्याचं गणित मांडलं.

आत काय घडतं? नव्या बॉयलर पोलादात सॉर्बीने पाहिलेल्या त्या रेघा असतात: लोह आणि कार्बाइड यांचे आलटून पालटून थर. वर्षानुवर्षांच्या उष्णतेत हे थर तुटून त्यांचे गोल दाणे होतात, आणि दाणे कणांच्या सीमांवर जाऊन मोठे होतात. मग सीमांवर सूक्ष्म पोकळ्या दिसू लागतात. आधी एकेकट्या, विखुरलेल्या. नंतर त्या ताणाच्या दिशेला आडव्या रांगेत येतात. रांगेतल्या पोकळ्या जोडल्या की सूक्ष्म चीर, आणि चिरा जोडल्या की एक दिवस नळी फाटते. दाबाखालच्या नळीत घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेपेक्षा दुप्पट असतो, म्हणून ती उभी फाटते, माशाच्या उघड्या तोंडासारखी. पेपरातली चार ओळींची बातमी कधी कधी इथे सुरू होते.

यात तापमान किती निर्णायक असतं, हे बघायला मी १९५२ मध्ये लार्सन आणि मिलर यांनी दिलेलं सूत्र घेऊन चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. एखादी नळी ५४० अंशांना एक लाख तास टिकणार असेल, तर त्याच ताणाखाली ५५० अंशांना किती? उत्तर आलं, पन्नास हजारांच्या जरा खाली. दहा अंशांनी आयुष्य निम्मं. नळीच्या आत क्षारांचा पातळ थर बसला, उष्णता नीट वाहून गेली नाही, तर हे दहा अंश कुणाच्या लक्षातही येत नाहीत. रोजच्या कामात मी सर्व्हरचे लॉग वाचतो. इथे लॉग पोलादातच लिहिला जातो, आणि तो खोडता येत नाही.

ठसा घ्यायची कला

पण हा लॉग वाचायचा कसा? चालू केंद्राची मुख्य वाफवाहिनी कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येत नाही. त्यावर जी युक्ती निघाली ती नागपूरकरांना ओळखीची वाटावी. वाकाटकांचे ताम्रपट आणि लेख वाचणारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी याच शहरात राहिले. शिलालेख अभ्यासायचा तर शिळा उचलून आणत नाहीत. ओला कागद लेखावर दाबून बसवतात, शाई फिरवतात, ठसा घेतात, आणि तो घरी वाचतात.

पाइपचंही तसंच करतात. संच वार्षिक दुरुस्तीसाठी बंद असताना जोड, वळणं, हेडर अशा ताणाच्या जागा निवडतात. तळहातापेक्षा लहान जागा घासून आरशासारखी करतात, नायट्रिक आम्ल मिसळलेलं अल्कोहोल लावतात, आणि त्यावर ॲसिटोनने मऊ केलेली ॲसिटेटची पारदर्शक पट्टी दाबतात. सुकलेली पट्टी सोलून काढली की तिच्यावर कणांचे बांध, दाणे, पोकळ्या, सगळं उमटलेलं असतं. मामा तिला 'रेप्लिका' म्हणत आणि डबीत काचेवर चिकटवून नेत.

१९८३ मध्ये नॉयबावर आणि वेडेल यांनी या ठशांची वर्गवारी केली. पोकळ्या सुट्या असतील तर नजर ठेवा. रांगेत असतील तर ठरावीक मुदतीत पुन्हा तपासा. सूक्ष्म चिरा असतील तर दुरुस्तीची तयारी करा. मोठी चीर असेल तर ताबडतोब थांबा. भारतीय बॉयलर नियमांतही हे आलं: ४०० अंश आणि त्यावर चालणाऱ्या बॉयलरचे क्रीपच्या टप्प्यात येणारे भाग एक लाख तासांनंतर तपासून उरलेलं आयुष्य ठरवायचं. एक लाख तास म्हणजे न थांबता अकरा वर्षांहून थोडं जास्त. कलकत्त्याच्या भीतीतून निघालेला कायदा आणि शेफिल्डच्या कुतूहलातून निघालेला सूक्ष्मदर्शक इथे, या नियमात, एकत्र आले.

पोलाद तयार नव्हतं

मग दाब आणि तापमान हवं तितकं का वाढवत नाहीत, याचंही उत्तर याच लिपीत आहे. अमेरिकेत ओहायोमधल्या फिलो केंद्रात १९५७ मध्ये जगातला पहिला व्यावसायिक सुपरक्रिटिकल संच सुरू झाला: ३१० बार, ६२१ अंश. पाठोपाठ एडिस्टोनचा संच त्याहून पुढे गेला आणि पोलादाच्या अडचणींमुळे त्याला ठरवलेल्या आकड्यांवरून खाली यावं लागलं. पुढची काही दशकं बहुतेक केंद्रं ५४० च्या आसपासच राहिली.

वाट मोकळी झाली ती एका वेगळ्या पोलादाने. १९७० च्या दशकात ओक रिज प्रयोगशाळेत, अणुभट्ट्या डोळ्यांसमोर ठेवून, ९ टक्के क्रोमियम आणि १ टक्का मॉलिब्डेनमच्या पोलादात व्हॅनेडियम, नायोबियम आणि नायट्रोजन नेमक्या मापात घातले गेले. त्यांचे अतिसूक्ष्म कण पोलादात सगळीकडे खिळ्यांसारखे रुततात आणि सरकणाऱ्या अणूंच्या वाटेत उभे राहतात. हेच पी-९१. जगभरच्या नव्या औष्णिक केंद्रांच्या वाफवाहिन्यांत ते आणि त्याच्या जातीची पोलादं रुळली.

पण हे पोलाद मानी आहे. त्याची ताकद रासायनिक मापात जेवढी, तेवढीच उष्णोपचाराने घडवलेल्या सूक्ष्मरचनेत. वेल्डिंगनंतर जोड साधारण साडेसातशे अंशांना ठरावीक वेळ धरून ठेवावा लागतो. चुकलं तर रसायन तेच राहतं, पाइप तसाच चकाकतो, आणि जोडाशेजारची पट्टी वेळेआधी म्हातारी होते. म्हणजे अडीचशे वातावरणांची सुरक्षितता त्या रात्री वेल्डिंगजवळ हीटरचं तापमान बघत जागणाऱ्या माणसावरही अवलंबून असते. इतिहासाच्या पुस्तकात सॉर्बी येतो, हा माणूस येत नाही.

उरलेलं आयुष्य

'उरलेलं आयुष्य' हा शब्द कोराडीत फक्त पाइपपुरता नाही. २००९ मध्ये जागतिक बँकेने जुन्या कोळसा संचांच्या नूतनीकरणासाठी जे कर्ज मंजूर केलं, त्यात कोराडीचा सहावा संच होता. जुनं वापरात ठेवायचं की मोडून नवं बांधायचं, हा वाद तिथे अजून चालू आहे. मे २०२३ मध्ये ६६० मेगावॉटच्या आणखी दोन संचांसाठी जनसुनावणी झाली, तेव्हा राख आणि हवेच्या प्रश्नावर नागपुरातून जोरदार विरोध झाला. त्या वादात मी कुठे उभा आहे, हा वेगळा लेख होईल. पण 'जुना संच' म्हणजे काय, याचं उत्तर चिमणीच्या रंगावर ठरत नाही, हे मला आता कळतं.

मामांना मी हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शेवटी एकच प्रश्न विचारला. समज, मे महिना आहे. पारा ४६. अर्ध्या विदर्भाचे कूलर सुरू, दवाखान्यांत पेशंट, विजेची मागणी टोकाला. तुझ्या हातात रेप्लिका आली, आणि पोकळ्या रांगेत दिसताहेत. चीर अजून नाही. संच बंद करशील की पाऊस येईपर्यंत चालवशील?

मी म्हटलं, वर्गवारीप्रमाणे ठरावीक मुदतीत पुन्हा तपासायचं, बंद करायची सक्ती नाही.

"बरोबर," ते म्हणाले. "अन् त्या पाइपखालून रोज जाणाऱ्या पोराला काय सांगशील?"

मला उत्तर सुचलं नाही. मामांनी कपाटातून एक जुनी डबी काढली. तिच्यात काचेवर चिकटवलेली, पिवळी पडलेली एक पट्टी होती. मी ती खिडकीकडे धरली. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, फक्त जरा धुरकट वाटत होती.

"दिसत नाही ना?" मामा म्हणाले. "म्हणून तर घासा लागते."

आता ती चार ओळींची बातमी आली की मी पुढे सरकत नाही. कुणीतरी थंड व्हायला लागलेल्या बॉयलरमध्ये टॉर्च, पॉलिश पेपर आणि आम्लाची बाटली घेऊन शिरलेलं असतं, आणि तळहाताएवढ्या जागेत चाळीस वर्षं वाचत असतं.